गढ्याची पागा आणि अडणारे तट्टू

गढा हे आज जबलपूरच्या पश्चिमेचे एक उपनगर झाले आहे. परंतु एके काळी राजधानीचा मान जबलपूरला नव्हे, गढ्याला होता. गोंड राजांच्या ज्या राज्यास इतिहासात गढा-मंडला म्हणतात, त्याच्या नावातला पहिला शब्द तो हाच. संग्रामशहाच्या नावाचा संग्रामसागर तलाव येथेच आहे, आणि ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांनी भरलेल्या टेकडीवर, एका अवाढव्य शिळेच्याच पाठीवर मदनमहाल उभा आहे. नाव महालाचे असले तरी ती टेहळणीला शोभेल अशी लहानशी इमारत आहे. समोरच घोड्यांच्या पागेचे म्हणून दाखविले जाणारे अवशेष आहेत. बहुतेक प्रवासी गच्चीवरून शहराचा देखावा पाहून परततात. आपण मात्र या पागेपाशी थोडे थांबू.

घोड्यांशी या भूमीचा संबंध जुना आहे. राणी दुर्गावतीपाशी 20,000 घोडदळ व 1,000 हत्ती असल्याचे अबुल फजलने नोंदविले आहे. 1564 च्या जूनमध्ये मोगल सरदार आसफखानाशी लढताना राणीने देह ठेवला. पुढे 1781 मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, त्यानंतर नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817 पर्यंत त्यांच्याकडे राहिला. दख्खनच्या लहान चणीच्या पण काटक भीमथडी तट्टांवर मराठी फौजांची मदार असे. एवढी जनावरे बाळगणाऱ्यांना अडणाऱ्या तट्टाचा प्रश्न नवा नसणार.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. माथेरान-पाचगणीला मुलांना तट्टावर बसविण्याची हौस आपण करतोच. कालपर्यंत शहाण्यासारखे चालणारे तट्टू एके दिवशी स्वाराला पाठीवर घेईनासे होते. जागीच अडते, लाथा झाडते किंवा मागच्या पायांवर उभे राहते. अशा वेळी मुलाचा हात मोडतो, तट्टावर ‘खोडकर’ असा शिक्का बसतो आणि मिळेल त्या किमतीस ते विकले जाते. हट्टी माणसाला आपण अडेलतट्टू म्हणतो, त्यातही तट्टावर अन्यायच आहे.

घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, या तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर देणारे कोडे मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे : फिरविले नाही म्हणून. घोड्यापुरते त्यात पुष्कळ तथ्य आहे. चंदी भरपूर आणि काम नाही, अशा स्थितीत तट्टू दिवस दिवस ठाणावर बांधलेले राहिले, तर अंगातला जोम स्वार बसताच उसळून येतो. दाणा बेताचा, गवत पोटभर आणि रोज मोकळे फिरणे, हा त्यावरचा साधा उपाय होय.

परंतु कोड्याचे उत्तर प्रत्येक तट्टाला लागू पडत नाही. स्वभाव अकस्मात पालटला, तर प्रथम दुखणे शोधावे. पाठीवर व मानेच्या मुळाशी हात फिरवून पाहावा; दाबताच कातडी थरथरली किंवा जनावराने अंग चोरले, तर खोगीर रुतत असल्याचा संशय घ्यावा. तट्टू जाड किंवा रोड झाले की पूर्वी नीट बसणारे खोगीरही काचू लागते. घोड्याचे दात आयुष्यातील बहुतेक काळ पुढे सरकत व झिजत असतात. वरच्या दाढांची बाहेरील आणि खालच्या दाढांची आतील कड धारदार होऊन गाल व जीभ कापते. मग लगाम ओढताच ते मान झटकते. नालाचा चुकलेला खिळाही असाच त्रास देतो. अशा जनावराला चाबूक मारणे म्हणजे ठणकणाऱ्या दातावर थप्पड देणे होय.

कधी दोष स्वाराचा असतो. मदनमहालाच्या वाटेवर एक प्रचंड शिळा दुसरीवर अगदी थोड्या जागेवर टेकून उभी आहे. 1997 च्या भूकंपातही ती ढळली नाही. तिचा भार नेमका आधारावर पडतो, हे त्याचे कारण. स्वाराने तसेच बसावे. तोल जाईल तसा लगामाला लोंबकळणारा आणि त्याच वेळी टाच मारणारा स्वार तट्टाला ‘थांब’ आणि ‘चल’ अशा दोन आज्ञा एकदम देतो.

दुखणे नाही, खोगीर ठीक, स्वारही शहाणा, तरीही तट्टू अडते. तेव्हा ती शिकलेली सवय समजावी. एकदा अडल्यावर स्वार उतरला आणि काम संपले, हे त्याच्या पक्के ध्यानात राहते. ही सवय मोडण्याचे काम मुलावर सोपवू नये. ते जाणत्या चाबूकस्वाराचे आहे. प्रथम पाठ मोकळी ठेवून लांब दोरीवर गोलात फिरवावे, नंतर नुसते खोगीर घालावे, शेवटी स्वार बसवावा. टाचेचा हलका इशारा द्यावा आणि एक पाऊल पुढे पडताच तो त्याच क्षणी थांबवावा. आज्ञा मानली की त्रास संपतो, हे जनावराला त्या सुटकेतूनच कळते. काम थोडे घ्यावे व तट्टू चांगले वागत असतानाच थांबवावे.

ग्रीक सेनानी झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. घोड्याजवळ रागाने कधी जाऊ नये, असे तो बजावतो. घोडा ज्या वस्तूला बुजतो तिला आपण आधी हात लावून दाखवावा आणि मग त्याला हळूहळू जवळ न्यावे. मारल्याने त्याचे भय वाढतेच, असे त्याचे सांगणे आहे.

याच जबलपुरात 1948 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते ज्या विद्यापीठात आहे, त्याला आपल्या नानाजी देशमुखांचे नाव आहे. गढ्याच्या पागेत आता घोडा नाही. पण ज्यांच्या दारी तट्टू आहे त्यांनी ते अडल्यास आधी पशुवैद्याला बोलवावे, मग चाबूकस्वाराला. बाजाराची वाट त्यानंतरची. मुक्या जनावराला आपली तक्रार सांगण्यास अडून राहण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.