आवाज कुणाचा?

मोटारीचा आवाज कमी व्हावा म्हणून शहाणी माणसं गेली सव्वाशे वर्षं डोकं खपवत आली आहेत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हे सत्कार्य अव्याहत चालू आहे. त्याच अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, तोच आवाज वाढावा म्हणून आमच्या जावयांनी पदरचे डॉलर मोजले.

आमचे जावई अबोल. 'हो बाबा', 'बरं बाबा' आणि 'हिला देतो', एवढ्या तीन मंत्रांवर त्यांनी सहा वर्षं सासुरवाडीचे फोन निभावून नेले. त्यांचा जीव मोटारीत. मोटार म्हणजे माझदाची मियाटा, पहिल्या पिढीतली, सेकंडहँड. ही गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली आणि २०१६ साली दहा लाखावी मियाटा कारखान्यातून बाहेर पडली. छप्पर कापडी. आसनं दोन. आमच्या मंडळींनी गाडीला प्रदक्षिणा घालून विचारलं, "आणि बाकीची माणसं कुठे बसतात?"

"बाकीची घरी बसतात, आई," जावई म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

एके दिवशी दारात माणूस झोपेल एवढं खोकं येऊन पडलं. आत स्टेनलेस स्टीलचं चकचकीत नळकांडं.

"जुनं फुटलं का हो?" मी विचारलं.

"नाही बाबा. चांगलं आहे. फक्त आवाज करत नाही."

मी सदाशिव पेठेत वाढलेला. आमच्याकडे 'आवाज करत नाही' हा भाडेकरूचा सर्वोच्च गुण समजला जातो. पण जावयांपुढे बोलणार काय? "गॅरेजमध्ये टाका," एवढंच म्हणालो. मग त्यांनी तिथल्या मेकॅनिकचा तासाचा दर सांगितला आणि मी आपण होऊन बॅटरी हातात घेतली.

शास्त्र असं की इंजिनातून निघालेला धूर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाच्या डब्यातून जातो. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असले दागिन्यांतले धातू धुरातलं विष मारतात. तो डबा काढणं तिकडे कायद्याने गुन्हा. म्हणून हात घालायचा तो डब्याच्या मागे, शेपटापर्यंत. जुन्या सायलेन्सरच्या पोटात पडदे आणि कप्पे असतात. सरकारी कचेरीत अर्ज दमतो तसा आवाज त्यांत आपटून आपटून दमतो. नव्याच्या पोटात आरपार एकच भोकाभोकांची नळी आणि भोवती तंतूंचं भरण. थोडक्यात, वशिल्याचा अर्ज.

शनिवारी सकाळी गाडी जॅकने उचलून चार घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हा पहिला नियम. सासऱ्याने जावयाचे पाय धुवावेत अशी आपली रीत; त्या दिवशी जावयांचे फक्त पायच बाहेर दिसत होते आणि ते धुण्यापलीकडे गेले होते.

तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते नटबोल्टांत मुरतं. मिठाने लोणचं टिकतं, लोखंड नाही. तेल मारायचं, वाट पाहायची, पाना लावायचा, पुन्हा तेल मारायचं. दुपारपर्यंत तीन नट सुटले आणि एक बोल्ट मानेत मोडला. मग रबरी कड्या. सायलेन्सर ह्यांच्यावर लोंबकळत असतो आणि त्या त्याला सोडायला तयार नसतात. शेवटी मी साबणाचं पाणी सुचवलं. लेकीच्या बोटात लहानपणी अडकलेली अंगठी तिच्या आजीने तशीच काढली होती. कडी सुळकन सुटली आणि गाडीखालून चक्क हसण्याचा आवाज आला.

मग तोच आवाज म्हणाला, "आमचे अण्णा दर रविवारी राजदूत उघडून बसायचे. मिरजेला, अंगणात. बॅटरी मी धरायचो. तासन् तास. काही बोलायचे नाहीत."

अण्णा लग्नाआधीच गेलेले. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. काय बोलावं सुचेना.

"बॅटरी जरा डावीकडे, बाबा."

सहा वर्षं ते मला बाबा म्हणत होते. त्या दिवशी ती हाक पहिल्यांदाच नेमक्या पत्त्यावर आली. मी बॅटरी डावीकडे केली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते बोलतच होते: राजदूतबद्दल, मिरजेबद्दल, पहिल्या नोकरीबद्दल. मध्येच लेक चहा घेऊन आली आणि कोण पाहुणे आलेत म्हणून बघायला लागली.

पुढच्या शनिवारी नवं पॅकिंग घालून नवं नळकांडं चढलं. किल्ली फिरवली तसा धूर आला. नव्या नळीवरचं कारखान्यातलं तेल जळतं, त्याचा तो. आमच्या मंडळी पाण्याची बादली घेऊन धावल्या. धूर विरला आणि आवाज उरला: खर्जातला, भरीव, सकाळी रियाजाला बसलेल्या गवयासारखा.

"ताकद किती वाढली?"

"फारशी नाही, बाबा."

"मग?"

"ऐका की."

पण गंमत अशी, की गल्लीतून जाताना ते गाडी मांजराच्या पावलांनी नेतात. समोरच्या घरात तान्हं मूल आहे. हमरस्त्याला लागल्यावरच काय ते गाणं. तिथे ती अशी घुमते की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. लेक म्हणते, "मुळात बोलत नव्हतेच, आता मला बोलू देत नाहीत!"

आपल्याकडे असले सायलेन्सर पोलीस जप्त करतात आणि बुलेटची ती नळकांडी ओळीने मांडून वरून रोडरोलर फिरवतात. योग्यच करतात. आमच्याही खिडकीखालून रात्री अकराला एक बुलेट फटाके फोडत जाते. पूर्वी मी लगेच गॅलरीत जाऊन ओरडायचो. आता आधी मनात म्हणतो, ह्याच्याशी घरी कुणी बोलत नसेल बिचाऱ्याशी.

आणि मग ओरडतो.