नळ कुठं गेलं?

भिवपुरी रोड स्टेशनावर मी पहिल्यांदा उतरलो तो जुलैत, पाठीवर साडेसात किलोची बॅग घेऊन. नवी फुल-फ्रेम बॉडी, 16-35 आणि 70-200 च्या लेन्स, दोन एनडी फिल्टर आणि कार्बन फायबरचा ट्रायपॉड. सगळं हप्त्यांवर. अठरा हप्त्यांपैकी दोनच फिटले होते, त्यामुळे बॅगेला पावसाचा थेंब लागला तरी पोटात कालवायचं. कर्जत लोकलमधून माझ्याबरोबर शे-दीडशे पोरं उतरली, सगळी आषाणेच्या धबधब्याकडे निघालेली. त्यांच्याकडे मोबाइल होते. ट्रायपॉड फक्त माझ्याकडे, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, हे आधीच कबूल करून टाकतो.

सलग पाच पावसाळे मी तिथे गेलो. फिल्टर लावायचा, शटर दोन सेकंद उघडं ठेवायचं, की पाणी दुधासारखं दिसतं. माझ्या हार्ड डिस्कवर असं पुष्कळ दूध आहे. कुठला फोटो भिवपुरीचा आणि कुठला झेनिथ धबधब्याचा, हे आता फाइलची तारीख पाहिल्याशिवाय मला सांगता येत नाही.

स्टेशनाबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या एका बाईंचाही फोटो काढला होता. पुढ्यात शेवळं, कुर्डू, भारंगीच्या जुड्या. टोपलीच्या कडेला त्यांचा मोबाइल चार्जरसकट ठेवलेला होता. मी म्हणालो, "ताई, तेवढा मोबाइल बाजूला ठेवता का?" त्यांनी ठेवला. मग म्हणालो, "इकडे बघू नका, लांब बघा." त्यांनी लांब बघितलं. "भाजी घ्यायचीय का पण?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी फोकस तपासत होतो. फोटो सुरेख आला. बाईंच्या चेहऱ्यावर जे लांब बघणं आहे ते माझ्या सांगण्यावरून आहे, एवढंच.

खरी फजिती त्यानंतरची. लोकलमध्ये एका प्रवाशाने सांगितलं, "धबधबा काय बघता, एप्रिलमध्ये या, भात बघायला." रायगडात एप्रिलमध्ये भात? मी गेलो. आणि तेव्हा कळलं की भिवपुरी गाव स्टेशनाजवळ नाहीच, ते कर्जतच्या पलीकडे घाटाच्या पायथ्याशी आहे. रेल्वे नावापुढे 'रोड' लावते ती गाव लांब आहे म्हणून. पाच वर्षं मी स्टेशनालाच भिवपुरी समजत होतो.

वाटेत सगळे माळ करपलेले आणि मध्येच हिरवीगार खाचरं. एक काका फावड्याने बांध फोडून पाणी घेत होते. सकाळचं ऊन, मागे सह्याद्रीची भिंत. मी 70-200 लावली आणि मनासारखी फ्रेम मिळाली. एकच खोट होती, डोंगरउतारावरून खाली आलेले लोखंडी नळ. घरी आल्यावर क्लोन स्टॅम्प घेऊन बसलो आणि दोन रात्री घालवून ते पुसले. इतकं सफाईने, की डोंगरावर झाडी उगवली.

पुढच्या महिन्यात बारा बाय अठराचा प्रिंट घेऊन काकांना द्यायला गेलो. त्यांनी हात धोतराला पुसले, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"दादा, नळ कुठं गेलं?"

मी म्हणालो, फोटोत ते बरं दिसत नव्हतं.

"नळ नाय तं पानी कुठनं आलं?"

मग बांधावर बसून त्यांनी मला माझ्याच फोटोतली गोष्ट सांगितली. तपशील मी नंतर ताडून पाहिले. घाटमाथ्यावर, मावळात, आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. ही नदी आपल्या वाटेने इंद्रायणीला, मग भीमेला मिळून पार बंगालच्या उपसागराला जायची. टाटांनी तिचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून कोकणात सोडलं आणि पायथ्याशी भिवपुरीचं वीजघर 1922 मध्ये सुरू झालं. वीज मुंबईला गेली. जनित्रं फिरवून सुटलेलं पाणी पेज नदीत आलं, तिथून राजनाल्याच्या कालव्यात आणि कालव्यातून काकांच्या खाचरात. उरलेलं उल्हास नदीतून अरबी समुद्राला. म्हणजे नदीने समुद्रच बदलला. वीजघर थांबलं की पेज उतरते आणि पाण्याच्या पाळीची भांडणं सुरू होतात, हे काकांनी सांगितलं. ज्या लोकलने मी इथे यायचो ती विजेवर धावते, हे मात्र त्यांनी सांगायची गरज नव्हती.

पाच पावसाळे मी पडणाऱ्या पाण्याचे फोटो काढत होतो. ज्या पाण्यावर हा मुलूख उन्हाळ्यात जगतो ते नळांतून पडतं, आणि तेवढंच मी पुसलं होतं.

त्या सुमारास नारायण विनायक विरकरांचे जालियनवाला बागेचे फोटो पुन्हा पाहण्यात आले. विरकर मुंबईचे छायाचित्रकार. 1919 च्या गोळीबारानंतर ते अमृतसरला गेले तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. त्यांच्या वाट्याला उरली होती एक भिंत. एका फोटोत त्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांभोवती पांढरी वर्तुळं केलेली आहेत आणि माणसं शेजारी उभी राहून ती दाखवताहेत. बस, एवढंच. पण डोळा त्या वर्तुळांवरून हलत नाही. माझ्या मनात आलं, ही फाइल माझ्या हातात पडली असती तर मी आधी भिंतीवरचे डाग साफ केले असते.

कॅमेऱ्याला मी दोष देत नाही. त्याने नळ टिपले होते. हार्ड डिस्कवर मूळ फाइल शोधली, तर नळ जागच्या जागी, आणि मी कापून टाकलेल्या खालच्या पट्टीत कालव्याचं दार, त्याला टेकवलेली सायकल आणि दांडीला लटकवलेला डबा. क्षितिज जरा कललेलं आहे. तसंच राहू दिलं आणि पुन्हा प्रिंट काढून दिला.

काकांनी तो बराच वेळ पाहिला. नळांवरून बोट फिरवत खाली कालव्यापर्यंत आणलं.

"आता बरोबर," म्हणाले. "पन त्या दिवशी मी भावाच्या खाचरात व्हतो. माझं पलीकडं."