भंगारात गेलेला आवाज

आपल्या वस्तीतल्या घरांमध्ये अडगळीला जागा नसते. दहा बाय बाराची खोली, माणसे सहा, त्यात मुलांची दप्तरे आणि शिलाई मशीन. वापरात नसलेली वस्तू आधी माळ्यावर जाते, मग दारात आलेल्या भंगारवाल्याच्या गाड्यावर. यात कुणाला दोष देता येत नाही. पण मोडलेली वस्तू आणि बंद पडलेली वस्तू यांत फरक असतो, आणि तो फरक हाताने काम करणाऱ्या माणसाने तरी विसरू नये, असे आम्हाला वाटते. गेल्या काही वर्षांत एका जुन्या मशीनने आम्हाला हे शिकवले. ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मशीन म्हणजे अँप्लिफायर. आमच्या लहानपणी कोल्हापुरात आणि आसपासच्या खेड्यांत लाऊडस्पीकरच्या पेटीला 'मशीन'च म्हणत आणि वर झाडाला किंवा खांबाला बांधतात तो कर्णा. जयंती असो, लग्न असो की बिंदू चौकातली सभा असो, मशीन आले की कार्यक्रम सुरू झाला असे पोरे समजत. त्या काळच्या मशीनमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत. बटण दाबल्यावर लगेच आवाज येत नसे. व्हॉल्व्ह हळूहळू लाल होत, मग कर्णा गुरगुरे आणि मग "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग".

या कर्ण्याचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. मार्च १९२० मध्ये याच जिल्ह्यातल्या माणगावला परिषद झाली. राजर्षी शाहू महाराज आणि बाबासाहेब तिथे बोलले, तेव्हा खेड्यातल्या सभेला कर्णा नव्हता. वक्त्याने छातीतून बोलायचे आणि मागच्याने कान लावून ऐकायचे. पुढे मशीन आले आणि जलशातल्या गायकाचा शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचू लागला. वामनदादा कर्डकांसारखे (१९२२–२००४) कवी-गायक गावोगाव हिंडले ते स्वतःच्या गळ्याच्या बळावर. पण तो गळा हजारोंच्या कानांपर्यंत नेण्याचे काम या लोखंडी पेट्यांनीही केले आहे.

आता आमच्या मशीनविषयी. आम्ही दोघे भाऊ. थोरला शिरोलीच्या एका फौंड्रीत आणि धाकटा वायरमन. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला आणि पाणी ओसरल्यावर शहरातल्या कितीतरी घरांतले सामान रस्त्यावर आले. भंगाराच्या दुकानांपुढे फ्रीज, गाद्या, टीव्ही यांचे ढीग लागले. त्या ढिगात आम्हाला चिखलाने माखलेले एक मशीन दिसले. बाजूला रंगाने लिहिलेली अक्षरे पुसट झाली होती, फक्त 'मंडळ' एवढे वाचता येत होते. कुणाच्या तरी वर्गणीतून घेतलेली वस्तू ती. भंगारवाला ती फोडून आतले तांबे काढणार होता. आम्ही म्हटले, "फोडू नका, तशीच द्या." त्याने तोलून बाराशे रुपये सांगितले आणि आम्ही ते सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणले.

घेण्याचे कारण घरातच होते. थोरल्याचा मुलगा गिटार वाजवतो, आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत. त्याला गिटारसाठी अँप्लिफायर हवा होता आणि दुकानातली किंमत आपल्या आवाक्यातली नव्हती. गिटारचा आणि सभेचा अँप्लिफायर आतून सख्खे भाऊच असतात. दोघांनाही क्षीण आवाज घेऊन तो मोठा करायचा असतो.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे मुलांना सांगण्याजोगे आहे. हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक तार तापते, तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन समोरच्या पत्र्याकडे धावतात. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी असा पहिला व्हॉल्व्ह बनवला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये एक जाळी बसवली. जाळीवरचा इवलासा विद्युतदाब बदलला की मोठा प्रवाह कमी-जास्त होतो, कालव्याची चावी जरा फिरवली की पाण्याचा लोट बदलतो तसा. बोलपटांचा आवाज याच नळ्यांवर आला. प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ साली इथेच, कोल्हापुरात तयार झाला, तेव्हा आवाज मुद्रित करण्याचे काम व्हॉल्व्हच करीत. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर निघाला आणि हळूहळू व्हॉल्व्हचे दिवस सरले. आपल्याकडे १९५४ साली स्थापन झालेल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. ते जुने व्हॉल्व्ह आज परदेशातले गिटारवाले शोधून घेतात. नवे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात.

गिटारवाल्यांना ते अजून का हवेत? ट्रान्झिस्टरच्या मशीनवर ताकदीपेक्षा जास्त ताण आला की आवाज एकदम तुटतो, कर्कश होतो. व्हॉल्व्हवर ताण आला की तो कडा गोल करीत फाटतो. गाणाऱ्याचा गळा भरून आल्यावर आवाज जसा जड होतो, तसे काहीसे. ती एक उणीवच, पण गिटारवाल्यांनी तिचेच सोने केले.

आणि हे मशीन घडवणारे कोण होते? अमेरिकेतले लिओ फेंडर यांनी १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते. त्यातूनच पुढे त्यांचे गिटार आणि अँप्लिफायर निघाले. लंडनचे जिम मार्शल मूळचे ड्रमवादक. लहानपणी हाडांच्या क्षयामुळे त्यांची शाळा फारशी झालीच नाही. १९६० साली त्यांनी वाद्यांचे दुकान काढले. १९६२ साली त्यांच्या दुकानातले दुरुस्ती कारागीर केन ब्रॅन आणि अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या एका अँप्लिफायरवरून, बाजारात मिळतील ते भाग वापरून, पहिले मार्शल अँप्लिफायर उभे केले. जगभर गाजलेल्या या यंत्राचा जन्म दुरुस्तीच्या टेबलावर झाला, हे आपल्या आयटीआयच्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

असे मशीन घेताना काय पाहावे, हे आम्हाला एका जुन्या रेडिओ मिस्त्रींनी सांगितले. वय सत्तरीच्या पुढचे, दुकान केव्हाच बंद झालेले. त्यांच्या मते आधी ट्रान्सफॉर्मर पाहावेत. मशीनचे निम्मे मोल त्यात असते. जळका वास येतो का, मीटरवर तार सलग दाखवते का, हे बघावे. जळलेला ट्रान्सफॉर्मर शिवाजी उद्यमनगरसारख्या भागात वायंडिंग करणाऱ्याकडून पुन्हा गुंडाळून घेता येतो, पण खर्च वाढतो. मग व्हॉल्व्ह. काचेच्या आत चंदेरी झाक असते. ती दुधासारखी पांढरी पडली असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. आमच्या मशीनचा एक व्हॉल्व्ह तसा गेला होता, बाकीचे पुरात बुडूनही शाबूत निघाले, कारण काच बंद होती.

चिखल स्वच्छ पाण्याने धुऊन आम्ही मशीन आधी उन्हात आणि मग बल्ब लावलेल्या खोक्यात तीन आठवडे वाळवले. घाईने वीज दिली असती तर ओला ट्रान्सफॉर्मर जळला असता. मेगर लावून इन्सुलेशन तपासले. नंतर सगळे जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलले, कारण ते वापरात नसले तरी आतून सुकतात. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे आवाज नेणारे कपॅसिटरही बदलले. ते गळू लागले की पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो विद्युतदाब जातो आणि त्याचा पत्रा लालभडक होतो. सॉकेट घासून घेतले. गिटारच्या तोंडाशी दहा लाख ओहमचा रेझिस्टर घातला, म्हणजे तिच्या नाजूक आवाजावर ओझे पडत नाही. कर्ण्याऐवजी लाकडी खोक्यात बारा इंची स्पीकर बसवला.

मिस्त्रींना आता रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे दिसत नाहीत. थोरल्याची मुलगी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. ती शेजारी बसून वाचायची, "ब्राऊन, ब्लॅक, यलो." मिस्त्री म्हणायचे, "एक लाख. पुढं?" असे करत तिने सगळ्या मशीनचा नकाशा वहीत उतरवला. अनेक रविवार ते दोघे आमच्या ओट्यावर असे बसत. शेजारचे विचारत, "काय रेडिओ टेशन काढताय काय?"

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये चारशे व्होल्टपर्यंत आणि त्याहून जास्तही विद्युतदाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करावा, मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा. मिस्त्री म्हणायचे, "एक हात खिशात ठेव. घाई केलीस तर मशीन बी जाईल आन् तू बी." पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब लावावा. बल्ब भरून पेटला आणि तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. स्पीकर जोडल्याशिवाय मशीन चालवू नये, ट्रान्सफॉर्मर जातो. आणि तीन पिनी प्लग व खरे अर्थिंग हवेच. गिटारची तार वाजवणाऱ्याच्या बोटात असते. १९७२ साली ब्रिटनमध्ये स्वान्सी येथे लेस्ली हार्वी हा तरुण गिटारवादक अर्थिंगच्या दोषामुळे मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. मुलांनी हे काम एकट्याने कधीही करू नये.

मशीन बोलले. मुलाने एक तार छेडली आणि ओट्यावरची माणसे गप्प झाली. मिस्त्रींनी काही न बोलता आवाजाचे बटण थोडे मागे घेतले आणि पुन्हा छेडायला सांगितले.

पण गोष्ट इथे संपत नाही. बातमी पसरली आणि पुण्याचा एक हौशी माणूस मशीन विकत घ्यायला आला. त्याने सांगितलेली रक्कम थोरल्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. त्याच महिन्यात मुलीची फी भरायची होती. वहिनी स्पष्ट म्हणाल्या, "ह्या लोखंडापायी पोरीची फी राहिली, तर मी कुणाला बोल लावायचा?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मुलगा खाली मान घालून बसला. मुलगीच म्हणाली, "काका, हे ठेवू या. आपण दुसरं करू आणि ते विकू. माझ्या वहीत सगळं आहे."

त्या माणसाने थांबायची तयारी दाखवली. फीचे पैसे आम्ही भिशीतून उचलले. चार महिन्यांनी एका बंद पडलेल्या दुकानातून दुसरे मशीन मिळाले. ते तिने आणि मिस्त्रींनी उभे केले, आम्ही फक्त सामान आणून दिले. ते विकले, भिशी फेडली आणि त्यातला मिस्त्रींचा वाटा त्यांच्या हातावर ठेवला. ते घ्यायला तयार नव्हते. वहिनी म्हणाल्या, "मामा, विद्या फुकट द्यायची नसते," तेव्हा घेतले.

पहिले मशीन आता गायन पार्टीबरोबर हिंडते. विकणे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. गरजेला विकावे लागते. पण फोडून तांबे विकले तर एकदाच पैसे मिळतात, आणि दुरुस्त करायला शिकले तर हात कमावता होतो. आपल्या बापजाद्यांना मेहनत करू दिली, पण त्या मेहनतीतले शहाणपण कागदावर कुणी येऊ दिले नाही. म्हणून ते आपणच उतरवून ठेवले पाहिजे.

तेव्हा वाचकहो, विहाराच्या किंवा मंडळाच्या माळ्यावर असे मशीन असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी आपल्या भागातल्या जुन्या मिस्त्रीला हाक मारा. आणि त्यांच्या शेजारी वही घेऊन एखादी मुलगी, एखादा मुलगा बसवा. मशीनचे व्हॉल्व्ह अजून मिळतात. मिस्त्रींचे मात्र वय होत चालले आहे.