तिला खेळू द्या!

मैत्रिणींनो, आमची लेक दिवसातून चारदा इन्सुलिन टोचून घेते आणि रोज खो-खो खेळते. "बाहेर बोलू नका गं, उद्या लग्न जमवायचंय," असं नात्यातल्या बायका सांगतात. पण लपवून ठेवलं, तर मैदानावर पोरीला घेरी आल्यावर बाईंना कळणार कसं? आपल्या नागपुरात तर डॉ. शरद पेंडसे यांनी 1995 साली अशा गरीब मुलांसाठी 'ड्रीम ट्रस्ट' काढला. मग लाजायचं कशाला?

धावताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि टोचलेलं इन्सुलिनही आपलं काम करतच असतं. म्हणून खेळाआधी साखर तपासावी. 90 च्या खाली असेल तर केळं किंवा गूळपोळी द्यावी. 250 च्या वर असून लघवीत कीटोन दिसले, तर त्या दिवशी खेळ बंद. धावण्याआधी मांडीत टोचू नये, तिथून इन्सुलिन लवकर भिनतं.

हात थरथरले, घाम फुटला की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. संध्याकाळच्या खेळानंतर रात्री झोपेतही साखर उतरते, तेव्हा निजण्यापूर्वी तपासाच. डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.

दप्तरात साखरेची पुडी ठेवा आणि बाईंना सगळं मोकळेपणी सांगून ठेवा. लग्नाचं पुढे बघू, आज पोरगी खेळली पाहिजे!