भुई

साप म्हणून भुई धोपटणे : संकट नसताना उगाच गाजावाजा करणे. शाळेत हा अर्थ पाठ केला आणि संध्याकाळी बाबांना म्हणून दाखवला. ते पडवीच्या पायरीवर पाय धूत होते. म्हणाले, “धोपटायलाच हवी गो. धोपटल्यावर साप निघाला नाही, तर त्यात वाईट काय झालं?”

एवढ्या वर्षांनी ही म्हण परत डोक्यात का फिरते आहे, ते मी बाजूला ठेवते. फिरते आहे, हे खरं.

बाबा मोजणी खात्यात होते. लांजा-राजापूरकडचे कातळसडे त्यांनी आयुष्यभर पायाखाली घातले. हद्दीचे दगड शोधायचे म्हणजे गवतात, निवडुंगात, पडक्या गडग्यात हात घालायचा, आणि आमच्याकडे तिथेच फुरसं असतं. चिव्याची काठी त्यांच्या हातात कायम. नाग, धामण यांना पावलाचा हादरा जमिनीतून कळतो आणि ती वाट सोडतात. फुरसं मात्र हलत नाही. जेमतेम हातभर लांबीचं, कातळाच्याच रंगाचं, ते आहे तिथेच वेटोळं करून अंगाला अंग घासतं आणि खरखर आवाज काढतं. तो ऐकू आला तर नशीब. म्हणून बाबा गवतात काठी आपटत चालायचे आणि कातळावर काठी टेकवून थांबायचे. पुढच्या पावलाची जागा नजरेने पुसून घेतल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मी त्यांच्या मागे चालत हे शिकले. कुणी शिकवलं नाही, आपोआप आलं.

2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. हा आकडा वाचला तेव्हा मी डनिडिनच्या वाचनालयात बसले होते, आणि त्या देशात साप नव्हता. एकही नाही. न्यूझीलंडच्या जमिनीवर साप कधी नव्हताच. प्राणिसंग्रहालयातसुद्धा ठेवत नाहीत. एखादा समुद्रसाप क्वचित प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागतो, तेवढाच.

सर्व्हेइंग शिकायला मी तिथल्या ओटागो विद्यापीठात गेले होते. बाबांचंच काम, वेगळ्या यंत्रांनी. ऑकलंडच्या विमानतळावर माझे ट्रेकचे बूट बाजूला काढले, कारण परक्या मातीतून बी-बियाणं, रोग, किडे येऊ नयेत याची तिथे फार काळजी घेतात. बूट घासून, धुऊन परत दिले. सड्याची तांबडी माती तळव्याच्या खाचांतून साफ गेली होती. ओले बूट हातात घेऊन मी उभी होते आणि मला रडू आलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्याच रविवारी वर्गातल्या मुलांबरोबर ओटागो द्वीपकल्पावर सँडफ्लाय बे नावाच्या किनाऱ्यावर गेले. हे नाव चावणाऱ्या माशीवरून पडलेलं नाही. तिथे वाऱ्याने वाळू उडते म्हणून पडलंय. वाळूच्या टेकड्यांवर कमरेएवढं गवत. मी एक मानुकाची वाळकी फांदी उचलली आणि आपटत चालू लागले. पुढे चाललेली मुलगी वळली, “हे काय करतेस?” मी सांगितलं. तिने खूप मायेने माझ्या हातातली काठी घेतली आणि म्हणाली, “इथे लागणार नाही.”

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी गवतात बसले. मग आडवी झाले. आधी न बघता गवतात पाठ टेकणं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते. पाठीला थंडावा लागत होता आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी सैल होत गेलं. इतकी वर्षं मी तिथे काय आवळून धरलं होतं, ते सुटताना कळलं.

पुढची दोन वर्षं मी उघड्यावर काढली असं म्हटलं तरी चालेल. तैआरोआच्या टोकावर तीन मीटर पंखांचे रॉयल अल्बट्रॉस डोक्यावरून पंख न हलवता जाताना बघितले. ही वसाहत टिकली ती लान्स रिचडेल या माणसामुळे. अंडी आणि पिल्लं माणसं आणि कुत्री संपवत होती, तेव्हा तो तिथे तंबू ठोकून राखणीला बसला, आणि 1938 साली पहिलं पिल्लू उडालं. आर्थर्स पासला किया पोपटांनी रात्रीत माझ्या बुटांच्या नाड्या कुरतडल्या. सँडफ्लाय बेवर ओंडका समजून ज्याच्याकडे चालत गेले, त्याने मान वर करून जांभई दिली. सी लायनचा नर होता, तीनचारशे किलोचा. वीस मीटर लांब राहायचं असतं. मी पाचावर होते. पाठ न फिरवता मागे सरकत गेले. छाती धडधडत होती, पण ती भीती वेगळी होती. तो मोठा होता, समोर होता, दिसत होता. पायाखालची भीती अशी दिसत नाही. ती तळव्यातच असते.

आणि ती माझ्या तळव्यातून गेली होती. रात्री अनवाणी तारे बघायला जायचे. जमिनीकडे बघायचं मी सोडून दिलं होतं.

नोव्हेंबरमध्ये आम्ही चौघं रीस नदीच्या खोऱ्यात गेलो. त्या नद्या आपल्यासारख्या एका पात्रात वाहत नाहीत. मैलभर रुंद गोट्यांचं पात्र आणि त्यात वेणीच्या पेडांसारखे सुटे, परत मिळणारे प्रवाह. पाणी बर्फाचं. एकोणिसाव्या शतकात त्या देशात इतकी माणसं नद्यांत बुडाली की बुडून मरण्यालाच न्यूझीलंडचं मरण म्हणत. म्हणून ओढे ओलांडताना एकमेकांच्या पाठीमागून हात घालून पट्टे धरायचे आणि तळ चाचपायला काठी घ्यायची. म्हणजे काठी पुन्हा माझ्या हातात आली होती. दोन प्रवाहांमधल्या गोट्यांवरून मी पाण्याकडे नजर लावून चालले होते. एक लहानसा पक्षी, छातीवर एक काळा आणि एक तांबूस पट्टा, माझ्यापुढे पंख ओढत खुरडत चालला होता. जखमी आहे, असं वाटलं. मी त्याच्याकडे वळले आणि काठी टेकली.

आवाज फार लहान झाला.

तीन अंडी होती, गोट्यांत खरवडलेल्या बोटभर खळग्यात, गोट्यांच्याच रंगाची. आता दोन होती. काठीच्या टोकाला पिवळं आणि थोडं तांबडं लागलं होतं.

तो दोन पट्ट्यांचा चिखल्या होता. आपल्या टिटवीच्या कुळातला. टिटवीसारखाच उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि कुणी जवळ आलं की पंख मोडल्याचं सोंग करून लांब नेऊ बघतो. आमच्या सड्यावर मे महिन्यात टिटवी ओरडायला लागली की आम्ही पोरं जागच्या जागी उभी राहायचो, हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक. ती डोक्यावर झेपावते, कल्लोळ करते. हा पक्षी गप्प होता. की ओरडत होता, आणि पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही? मी त्याच्याकडे दयेने बघत होते. तो मला वाचवायला सांगत होता आणि मी उलटं वाचलं.

बरोबरच्या मुलांनी समजूत घातली. ही पाखरं पुन्हा अंडी घालतात, तेही खरं. पुरात यांची अंडी कितीतरी वेळा वाहून जातात, तेही खरं. सगळ्यात जास्त स्टोट खातो, हे तर फारच खरं.

स्टोट. मग मी त्याच्याच मागे लागले. मुंगसाच्या चणीचा, त्याहून बारीक, तपकिरी पाठ, साईसारखं पोट, शेपटीचं टोक काळं. 1880 च्या दशकात तो इंग्लंडहून बोटींनी आणला, ससे मारायला. ससेही तिथले नव्हते. मांसासाठी, शिकारीसाठी आणले आणि त्यांनी मेंढ्यांचं गवत संपवलं. पक्ष्यांचे जाणकार तेव्हाच नको म्हणत होते. वटवाघळं सोडली तर जमिनीवर एकही सस्तन प्राणी मुळात नसलेला देश. तिथली पाखरं जमिनीला भ्यायला कधी शिकलीच नव्हती. किया पोपटांची गोष्टही मेंढ्यांपायीच घडली. ते मेंढ्यांच्या पाठी टोचतात म्हणून सरकार चोचीमागे बक्षीस देत होतं, शंभर वर्षांच्या आसपास, आणि दीडेक लाख किया मारले गेले. 1986 साली त्यांना पुरं संरक्षण मिळालं. हे वाचताना मी थबकले, कारण बक्षिसाची गोष्ट मला घरून माहीत होती. इंग्रजी अमलात आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार पैसे द्यायचं. पणजोबांनी दगड उलथून फुरशी गोळा केल्याचं आजी सांगायची. त्यांना त्या पैशांचे तांदूळ मिळाले असतील, आणि मी त्यांना दोष कोणत्या तोंडाने देऊ?

तर पुढचं वर्षभर दर रविवारी मी सापळ्यांच्या रांगेवर जायचे. 2016 साली तिथल्या सरकारने ठरवलं की 2050 पर्यंत स्टोट, उंदीर, पॉसम संपवायचे. हजारो लोक आपणहून हे काम करतात. लाकडी खोकं, तोंडाशी जाळीचं भोक, आत पोलादी सापळा, आणि आमिषाला कोंबडीचं अंडं. झाकण उघडायचं, मेलेला प्राणी काढायचा, अंडं बदलायचं, वहीत तारीख लिहायची. मी हे नेमाने केलं. हात थरथरायचा. पहिला स्टोट काढला तेव्हा तो अजून मऊ होता, आणि इतका देखणा होता की मी त्याला ओंजळीत घेऊन बसून राहिले. त्या एका मेल्यामुळे किती अंडी वाचली असतील, ते मोजता येतं म्हणतात. मला नाही मोजता आलं. मी त्या अंड्याची फेड करत होते की एक हिशेब दुसऱ्या वहीत मांडत होते? साप नसलेल्या त्या देशात एवढी माणसं मिळून भुई धोपटत होती, आणि तिथे खरंच काहीतरी निघत होतं. मग शाळेतला अर्थ चूक की बाबांचा?

बाबांना मी अंड्याबद्दल फोनवर सांगितलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “काठी टेकण्याआधी बघायचं असतं.” एवढंच. रागावले नव्हते. मला वाटतं, त्यांना वाईट वाटलं ते माझ्यासाठी, की मी ते विसरू शकले. पण ते विसरता आलं म्हणूनच मी त्या गवतात पाठ टेकू शकले होते. त्या दुपारवर पाणी सोडायला मी आजही तयार नाही. ज्या बायका आमच्याकडे पहाटे भाताच्या लावणीला चिखलात उतरतात, त्यांना अशी एक तरी दुपार मिळायला हवी, पाठीतलं ते आवळलेलं सुटायला हवं. आणि मग त्या कुठे पाय टाकतील?

परवा बाबांबरोबर सड्यावर गेले होते. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून काठी माझ्याकडे आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर. मे संपत आलाय, कातळ तापलेला. अचानक टिटवी उठली. डोक्यावरून एक झेप, मग दुसरी, मग जोडीदारही आला. बाबा म्हणाले, “थांब.”

मी काठी वर उचलून धरली. दोघंही खाली बघत राहिलो. सगळीकडे सारखेच खडे, तपकिरी, काळे ठिपके असलेले. आलो त्या वाटेवरही तसेच. टिटव्या कधी या बाजूने ओरडत होत्या, कधी त्या. अंडी कुठल्या अंगाला आहेत ते बाबांनाही सांगता येईना, आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर जड होत चालला होता.