जॅक उचलतो, धरत नाही!

पास्कलचा नियम आपण सगळ्यांनी पाठ केलाय. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पसरतो, संपलं! पण हाच नियम गॅरेजमध्ये फ्लोअर जॅक बनून भेटतो, तेव्हा खरंच सही वाटतं. हँडल खालीवर केलं की लहान पिस्टन ऑइल ढकलतो आणि मोठा पिस्टन गाडी उचलतो. मोठ्याचा व्यास चौपट असेल तर जोर सोळापट! त्यात हँडलच्या लांबीचा फायदा वेगळाच. आपल्यासारखे हडकुळे इंजिनिअरसुद्धा एका हाताने कारचं एक टोक वर करू शकतात.

गडबड होते ती इथेच. गाडी वर गेली की वाटतं, झालं, घुसा आता खाली! पण ती उभी कशावर आहे? एक बंद व्हॉल्व्ह आणि एक रबरी सील यांच्या भरवशावर. सील फाटलं की ऑइल मागे जाणार आणि गाडी खाली येणार. आमच्या गल्लीतले मिस्त्रीकाका पास्कल शिकलेले नाहीत, पण त्यांचा नियम पक्का आहे: "जॅक उचलतो, धरत नाही."

म्हणून जागा सपाट आणि कडक हवी. जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, त्यामुळे जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडं सरकावं लागतं. चाकं मातीत रुतली तर वरचं टेकण गाडीखालून घसरतं. हँडब्रेक बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग शून्य! म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे. जॅक लावायचा तो मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. मग दोन जॅक स्टँड लावून, जॅक हळूच सोडून वजन स्टँडवर घ्यायचं आणि गाडीला एक धक्का देऊन बघायचा. हलली नाही, तरच खाली जायचं. आणि विटा? कधीच नाही. वीट आधी वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते.

काकांकडे काम करणारा मुलगा माझ्याच वयाचा आहे. एकदा एक गिऱ्हाईक वैतागलं, "एका मिनिटाचं काम, स्टँड कशाला?" काका शांतपणे म्हणाले, "साहेब, खाली तुम्ही जाताय का?"

मित्रांनो, उद्या घाई करणारे साहेब आपणच असणार आहोत. तेव्हा स्टँड लावायला लागणारी पाच मिनिटं मोजू नका, प्लीज!