गुरुवारचा रविवार

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल

होस्टेलवर आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "गाव कुठलं रे?" आमच्या विंगमध्ये कुणी सांगितलं बार्शी, कुणी वाई, कुणी चोपडा. मी म्हटलं, भोसरी. तर सगळे एकदम, "अबे, ते काय गाव आहे? ती तर एमआयडीसी आहे!" झालं. चौथं वर्ष संपत आलं तरी विंगमध्ये माझं नाव 'एमआयडीसी'च आहे. एकदा तर रेक्टर सरांनीसुद्धा हजेरी घेताना तीच हाक मारली!

आता राग येत नाही, कारण ते बोलणं निम्मं खरं आहे. आमचं मूळ गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. किल्लारीचा भूकंप झाला सप्टेंबर १९९३ मध्ये. त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, आय.टी.आय.चं टर्नरचं सर्टिफिकेट पिशवीत घालून भोसरीला आले. आधी हेल्पर, मग ऑपरेटर, आणि मी दुसरीत असताना एस ब्लॉकच्या मागच्या गल्लीत भाड्याचा एक गाळा. दोन लेथ, एक जुना ट्रॉब, एक कायम गळणारा पत्रा. हेच आमचं गाव आणि हीच आमची शेती.

आपल्या मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते आणि सगळं होस्टेल गेटबाहेरच्या भुर्जीच्या गाडीवर तुटून पडतं, हे तुम्हाला माहीत आहेच. पहिल्यांदा ती गर्दी पाहिली तेव्हा मला एकदम घरची आठवण आली. फक्त एकच गोष्ट चुकत होती, वार! आमच्याकडे ही झुंबड गुरुवारी असते.

भोसरीत, पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत, पुढे चाकणलाही, कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. अण्णा सांगतात, सगळ्या राज्यातले कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकीचे दिवस सगळे एकदम चालू, असं झालं तर विजेचा भार कसा पेलायचा, म्हणून भागाभागाला वेगवेगळा वार वाटून दिला. आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे बुधवारी रात्री आमच्याकडे शनिवारची रात्र असते. गुरुवारी सकाळी लेथचा आवाज नसतो आणि कान जरा बधिर झाल्यासारखे वाटतात. दुपारी पोरं कपडे धुतात, केस कापतात, गावाकडे फोन लावतात. संध्याकाळी आळंदी रोडला पाय ठेवायला जागा नसते.

पण शाळेला सुट्टी रविवारी! म्हणजे माझा रविवार रिकामा आणि अण्णांचा गुरुवार. आईला तर कुठलाच वार नाही, त्याचं कारण पुढे सांगतो. आम्ही तिघं एका दिवशी घरात मोकळे बसलोय असं दिवाळी सोडून मला आठवतच नाही. आळंदीला जायचं तरी गुरुवारी शाळा बुडवून. वर्गशिक्षिका विचारायच्या, "काल काय झालं होतं?" मी म्हणायचो, "बाई, रविवार होता." सगळा वर्ग हसायचा नाही, निम्म्या वर्गाला ते पटायचं.

माझे रविवार गाळ्यात गेले. झाडू मारायचा, टर्निंग-बोरिंगचं भंगार गोणीत भरायचं, बुश मोजायचे. हजार बुश एक एक करून मोजत नाहीत बरं का, शंभर मोजायचे, वजन करायचं आणि बाकीचे काट्यावर. सातवीत मी व्हर्नियर वाचायला शिकलो. त्यामुळे फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या सरांनी "हे काय आहे?" म्हणून व्हर्नियर दाखवलं तेव्हा मी जरा जास्तच छाती फुगवून उत्तर दिलं होतं. त्याच सेमिस्टरला एम-वनला केटी लागली, ते असो.

आमच्या भागाची एक गंमत आहे. तिथे गेलेल्या गोष्टींची नावं जात नाहीत. टेल्कोचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण रस्ता अजून टेल्को रोडच. पीएमटी आणि पीसीएमटी २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली, पण भोसरीत चौक पीएमटी चौकच. आणि आकुर्डीचं उदाहरण तर फारच भारी. बजाजच्या तिथल्या जुन्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, अण्णांचे किती तरी ओळखीचे त्या वेळी हळहळले. आणि २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत पुन्हा चेतक बनायला लागली, पण विजेवरची! जुनी चेतक तिरकी करून स्टार्ट करणारे काका अजून आमच्या गल्लीत आहेत, त्यांना हे सांगितलं की ते मान हलवतात आणि म्हणतात, "मग तिरकी कशी करायची?"

आता आईबद्दल. आई डबे करते. सुरुवात चार डब्यांनी झाली, गाळ्यातल्या हेल्पर पोरांसाठी. मग त्यांच्या खोलीतली पोरं, मग शेजारच्या शेडमधली. आज चाळीसेक डबे जातात. लातूर, बीड, नांदेड, सोलापूर, बिहार, यूपी, सगळे. मराठवाड्यातल्यांना भाजीत तिखट हवं, बिहारच्या पोरांना भात जास्त हवा, आणि सगळ्यांची एकच तक्रार, "मावशी, रोज बटाटा!" (मेस सेक्रेटरींनी नोंद घ्यावी, हा प्रश्न राष्ट्रीय आहे.) एक डबा नाही घेतला तर एक खाडा. खाड्याची वही आईकडे असते, लाल रंगाची, आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. गुरुवारी संध्याकाळी डबा बंद. मात्र त्या वेळात आई आठवड्याचा मसाला, लसूण, शेंगदाण्याचं कूट करून ठेवते, म्हणून म्हटलं की तिला वार नाही.

पोरांचे पगार महिन्याच्या सात ते दहा तारखेला होतात. दहाला संध्याकाळी आईच्या वहीत पैसे जमा. पूर्वी रोख, आता दाराला क्यूआर कोड चिकटवलाय. बारा हजार पगाराचा पोरगा तीस दिवस जेवतो आणि दहा दिवसांत पैसे देतो. आता अण्णांची दुसरी वही बघा. माल दिला की बिल, बिलानंतर नव्वद दिवस, नव्वदनंतर "या आठवड्यात करतो", आणि मग पार्टीचा अकाउंटंट सुट्टीवर.

२०१९ मध्ये गाड्यांची विक्री पडली. मोठे कारखाने काही काही दिवस बंद राहायला लागले, त्याला 'ब्लॉक क्लोजर' म्हणतात. मोठा कारखाना पाच दिवस थांबला की त्याला माल देणारा आठ दिवस थांबतो, आणि त्याचं जॉबवर्क करणारा आमच्यासारखा महिनाभर. त्या दिवाळीला गाळ्यातल्या तिघांचे पगार आईच्या लाल वहीतून झाले. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, पोरं गावी निघून गेली, डबेही बंद आणि लेथही बंद, तेव्हा रिकाम्या वेळात आईने दोन्ही वह्या पुढ्यात घेऊन हिशोब मांडला. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे सगळेच वार गुरुवार होते. अण्णा रोज एकदा गाळ्यावर जाऊन मशीनला तेल लावून यायचे, गंजू नये म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात घरी होतो तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी मी अण्णांबरोबर छोटा हत्तीत बसून चाकणला माल द्यायला गेलो. अंतर वीसेक किलोमीटर, वेळ विचारू नका. त्यातून शनिवार म्हणजे चाकणचा बाजार. तळेगाव चौकात आमच्या एका बाजूला कांद्याचा ट्रक, दुसऱ्या बाजूला नव्या कोऱ्या कार घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर, आणि मध्ये एक काका बैलजोडी घेऊन शांतपणे उभे. शिवाजी महाराजांच्या काळात फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाला ज्या किल्ल्यापुढे दीड महिन्याहून जास्त अडवून धरलं तो संग्रामदुर्ग याच चाकणमध्ये आहे. त्या दिवशी मला वाटलं, खानाला किल्ल्याने नाही, तळेगाव चौकाने अडवलं असणार.

कंपनीच्या गेटवर पोचलो. चलन दाखवा, गेटपास काढा, बूट घाला, थांबा. अडीच तास थांबलो. मग तपासणीला एक मुलगा आला. माझ्याच वयाचा, डिप्लोमा झालेला असावा. त्याने गो–नो गो गेज घेतला, दहा-बारा बुश तपासले आणि म्हणाला, "बोअर मोठा आहे. लॉट रिजेक्ट." सहाशे नग. अण्णा म्हणाले, "साहेब, एकदा वेगळ्या खोक्यातले बघता का?" त्याने बघितले. वीस मायक्रॉनने जास्त. म्हणजे दोन शतांश मिलिमीटर, आपण जर्नलमध्ये फिगर काढताना याहून जाड रेघ मारतो. अण्णा पुन्हा म्हणाले, "बरं साहेब, नेतो परत."

तीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माझा बाप माझ्या वयाच्या पोराला साहेब म्हणत होता. मला काय वाटलं ते लिहीत नाही. परतीच्या रस्त्यावर मोशीला वडापाव खायला थांबलो तेव्हा मी त्या मुलाबद्दल काहीतरी वाईट बोललो. अण्णांनी मिरचीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "त्याचं बरोबर होतं. दुपारनंतर माप घ्यायला हवं होतं, मी घेतलं नाही." एवढंच. रात्री त्यांनी ते खोकं गाळ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. ते अजून तिथेच आहे, भंगारात दिलेलं नाही.

थर्ड इयरला आपल्याला इंडस्ट्रियल मॅनेजमेंटमध्ये एमएसएमई कायदा होता ना, २००६ चा? छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचं, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज. आणि आयकर कायद्याच्या नव्या कलमानुसार, मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्चही धरता येत नाही. मी मोठ्या उत्साहाने अण्णांना फोन करून हे समजावलं, अगदी कलमासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "व्याज मिळंल रे. पुढची ऑर्डर मिळंल का?" विषयात मला बासष्ट मार्क पडले, पण या प्रश्नाचं उत्तर सिलॅबसमध्ये नव्हतं. नंतर एका पार्टीने खरंच विचारलं, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे का? अण्णांना वाटलं आता बिलं लवकर निघतील. निघाली नाहीत, त्या पार्टीचं काम मात्र कमी झालं.

हे सगळं आजच का लिहायला बसलो, तर कारण असं आहे. डिसेंबरमध्ये कॅम्पसमधून माझं सिलेक्शन झालं. हिंजवडी, सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे आमच्या घरात आता तिसरा वार येणार! पेढे वाटले, विंगला पार्टी दिली. आईने फोनवर तीनदा पगार विचारला. अण्णा म्हणाले, "चांगलं झालं," आणि आठ दिवसांनी एका गुरुवारी त्यांचा फोन आला.

म्हणाले, जे ब्लॉकमध्ये एकजण गाळा बंद करतोय, त्याची सीएनसी टर्निंग विकायची आहे, सात लाख म्हणतोय. लेथवर आता मापात माल देणं जड जातंय, डोळ्याला चष्मा लागलाय. सीएनसी असेल तर चाकणचं काम टिकेल. कर्ज काढावं लागेल. मी म्हटलं, "अण्णा, पण सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या तर?" ते म्हणाले, "आपला बुश मागच्या चाकाच्या आर्ममधला आहे. इंजिन जाईल, चाक कुठं जातंय?" मग जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मागे आईच्या मिक्सरचा आवाज येत होता. मग म्हणाले, "तू येणार असशील तर घेतो. नसशील तर नाही घेत. माझी काय, अजून दहा वर्षं या लेथवर निघतील. तू मनात काही ठेवू नको, नुसतं सांग."

मी अजून सांगितलेलं नाही. रूममेटला विचारलं तर तो म्हणतो, वेडा आहेस का, जॉइन हो. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला विचारू नको, मी दोन्ही वह्या लिहिते." हिंजवडीच्या पहिल्या वर्षाच्या पगारात कर्जाचे हप्ते बसतात, हे मी कॅल्क्युलेटरवर काढून बघितलंय. पण मग मशीनवर उभं कोण राहणार, हे कॅल्क्युलेटर सांगत नाही. रात्री जेवून आलं की मी हेच आकडे पुन्हा मांडतो.

काल पुन्हा फोन आला होता. येत्या गुरुवारी ते मशीन बघायला जाणार आहेत. बघायला पैसे पडत नाहीत, म्हणाले. काय काय तपासायचं ते लिहून दे. मी वहीच्या पानावर लिहायला घेतलं: स्पिंडलचा रनआउट डायल लावून बघायचा, दोन्ही अक्षांचा बॅकलॅश, बॉल स्क्रूचा आवाज, एकच जॉब सलग वीस वेळा काढून मापं घ्यायची, आणि दुपारनंतर पुन्हा एकदा घ्यायची. पान भरलं तेव्हा लक्षात आलं की हे फोनवर सांगून नीट होणार नाही.

गुरुवारी आपल्याला सी.ए.डी.चं प्रॅक्टिकल आहे. सर, त्या दिवशी माझी अॅबसेंट लागेल. रविवार आहे.